चादरीखालचा उजेड

सात रस्त्याचा सिग्नल सुटला आणि गाडीनं उचकी दिली. बारीकशीच. मागच्या रिक्षावाल्याला ती कळलीही नसेल, पण वैजयंतीच्या हातातलं स्टेअरिंग क्षणभर थरथरलं, पायाखालचा जोर निघून गेला आणि पायरी आहे समजून पाऊल टाकावं अन् तिथं पायरीच नसावी तसं तिला वाटलं. शेजारी बजाआक्का, तिच्या थोरल्या नणंदबाई, मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसल्या होत्या. त्या वैजयंतीकडंच राहायच्या, पण चार दिवसांसाठी त्यांना मंगळवेढ्याची एसटी धरायची होती. गाडीनं दुसरी उचकी दिली, पाठोपाठ तिसरी, आणि मग तिनं तो नादच लावून घेतला. तीन पावलं नीट टाकायची, एक चुकवायचं. फियाट जुनी होती, पण तिच्या नवऱ्याच्या, मानसिंगच्या हातात ती अशी कधी चालली नव्हती. वैजयंतीनं गिअर बदलून पाहिला, चोक ओढून पाहिला, मनातल्या मनात गाडीला दोन शब्द गोड बोलून पाहिलं. आक्का समोरच्या काचेतूनच बघत म्हणाल्या, "म्या म्हनलं हुतं." स्टँड जवळ आलं होतं, तरी त्या उतरल्या नाहीत. "चल घरी. असल्या गाडीत तुला एकलीला सोडून जाऊ व्हय?" असं म्हणून त्यांनी पिशवी पायाशी ठेवली, आणि दोघी बायका, एक गाडी चालवणारी आणि एक गाडीकडं संशयानं बघणारी, उचक्या खात विजापूर रोडनं जुळे सोलापूरला परत आल्या.

आक्का काय म्हणाल्या होत्या ते वैजयंतीला आठवायची गरज नव्हती, कारण ती ते विसरलीच नव्हती. मानसिंग आषाढात गेला. रात्री जेवून नीट झोपला आणि सकाळी उठला नाही, इतकं साधं. मग दसरा आला. दर दसऱ्याला गाडीची पूजा वैजयंतीची. मानसिंग झेंडूची माळ आणायचा, बॉनेट उघडून द्यायचा आणि म्हणायचा, लाव की कुटं लावायचं तितं, आतला देव आत बसलाय. पाटबंधारे खात्यात उभा जन्म काढला तरी घरात तो मंगळवेढ्याचंच बोलायचा. ती मग इंजिनावर, बॅटरीवर आणि इंजिनाच्या कुशीतल्या त्या काळ्या टोपणावर, ज्यातून चार प्लगना चार वायरी जातात आणि ज्याला मिस्त्री लोक डेल्को म्हणतात, हळदीकुंकवाची बोटं ओढायची. यंदा बॉनेट तिनं स्वतः उघडलं. आक्का दारात उभ्या होत्या. "वैजे, तू नगं लावूस," त्या म्हणाल्या. का, ते बोलल्या नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही, कारण उत्तर गावभर माहीत असलेलं. विधवेनं कुंकवाच्या वाटीत बोट घालायचं नाही. आक्का स्वतः ऐन तरुणपणी विधवा झालेल्या, तेव्हापासून त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावलेला नव्हता. वैजयंतीच्या अंगाची लाही झाली. मानसिंगची गाडी, मानसिंगचं इंजिन, आणि लावायचं नाही तर मग लावणार कोण? तिनं वाटीत पाणी घातलं, कुंकू कालवून चांगलं चिखलासारखं दाट केलं आणि एरवीच्या दुप्पट लावलं, बोट वरपासून खालपर्यंत ओढत, आक्का बघताहेत हे पाठीला जाणवत असताना. देवाला हात जोडले की नाही हे तिला नंतर आठवेना. लावताना मनात होता तो राग, आणि रागानं केलेली पूजा कुठं पोचते, हा विचार तिला त्या रात्रीपासूनच कुरतडू लागला होता.

आणि आता मार्गशीर्षात ही उचकी. ती शिकलेली बाई होती, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, पेन्शन खाणारी. कुंकवानं इंजिन आजारी पडतं असल्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या गोष्टीला सुद्धा माणूस घाबरतं, आणि दुपारी एकटं असताना जास्तच घाबरतं. माझा हात लागला, तिला वाटायचं. तो गेल्यावर त्याच्या एवढ्या एका जित्या वस्तूला माझा हात लागला, आणि तीही आता अडखळायला लागली. कोपऱ्यावरचा मिस्त्री येऊन गेला. त्यानं बॉनेट उघडलं, हळदीकुंकू बघितलं, उजवा हात आधी कपाळाला लावला आणि मगच पाना हातात घेतला. "मिसिंग है मॅडम," तो म्हणाला, म्हणजे इंजिन मध्येच एक ठोका चुकवत होतं. त्यानं चारी प्लग बदलले. मिसिंग गेलं नाही. "इंजिन खोलना पडता. पुराना माल है ना." तिकडं पुण्याहून तिचा मुलगा युवराज फोनवर समजावत राहिला, आई, आता सोड तिला, हल्ली भंगारात देत नाहीत, रीतसर स्क्रॅप करतात, सर्टिफिकेट देतात. सर्टिफिकेट दिलं म्हणजे जणू गाडीला मोक्षच मिळणार होता. रविवारी तो येणार होता, सोबत स्क्रॅप करणाऱ्या कंपनीचा माणूस घेऊन. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तोवर आपल्याला कळलं पाहिजे, एवढंच तिनं मनाशी ठरवलं. गाडी गेली तर जाईल. पण ती कशानं गेली हे न कळता गेली, तर ती आपल्या हातानंच गेली असं आपण मरेपर्यंत धरून बसणार, आणि आक्का न बोलता ते तसंच धरून बसणार, आणि एका घरात दोघींनी त्या न बोललेल्या गोष्टीभोवतीनं जेवायचं, झोपायचं. तिला खरी भीती वाटली ती ह्याची.

शनिवारी दुपारी, जेवणं उरकून आक्का आत लवंडल्यावर, ती पोर्चमध्ये आली. बाहेर ऊन पांढरंफटक पडलं होतं. तिनं बॉनेट उघडलं, गाडी चालू केली आणि काहीही न करता नुसती ऐकत उभी राहिली. ऐकणं हे तिचं आयुष्यभराचं काम. तरुणपणी एक्सचेंजमध्ये कानाला हेडफोन लावून ती बोर्डापुढं बसायची. मोडनिंब, वेळापूर, अक्कलकोट, कुठून कुठून आवाज यायचे आणि ती एका भोकातली वायर दुसऱ्या भोकात घालून माणसाला माणूस जोडायची. तिथं एक गोष्ट तिनं शिकून घेतली होती, की बिघाड ओरडत नाही. बिघाड म्हणजे एखादी गोष्ट जिथं हवी तिथं नसणं. आताही तिला तसंच ऐकू येत होतं. इंजिनाच्या आवाजात काही जादा नव्हतं, खडखड नव्हती. फक्त एका जागी गाळलेलं होतं. टक टक, मग रिकामं, मग टक. त्या रिकाम्या जागेत तिला क्षणभर मानसिंग झोपेत घोरताना मध्येच थांबायचा ते आठवलं. अंधारात डोळे उघडे ठेवून ती वाट बघायची, आणि पुढचा श्वास आला की कूस बदलायची. त्या शेवटच्या रात्री तिला गाढ झोप लागली होती.

तिनं भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. एका वेळी एका प्लगची वायर काढायची आणि ऐकायचं, हे तिनं मानसिंगला करताना कित्येक रविवारी पाहिलं होतं, चहाचा कप घेऊन उभी असताना, त्याच्याकडं फारसं लक्ष नसताना. पहिली वायर काढली तसं इंजिन लंगडलं. परत लावली तसं सावरलं. दुसरी काढली, लंगडलं. तिसरी काढली आणि काहीच झालं नाही. आवाज होता तसाच राहिला. चार भावांतला एक केव्हाचा उठून गेला होता आणि बाकीचे तिघं त्याच्या वाटणीचं ओझं ओढत होते, आणि हे तिनं, वैजयंतीनं, भांड्याच्या हातमोज्यात शोधून काढलं होतं. मग तिला हावच सुटली. इंजिन बंद करून तिनं तिसरी आणि चौथी वायर काढून एकमेकींच्या जागी लावून पाहिली. दोष वायरीबरोबर गेला नाही. प्लग तर नवेच होते. म्हणजे ठिणगी वायरीत शिरायच्या आधीच हरवत होती, डेल्कोच्या त्या काळ्या टोपणापाशीच कुठंतरी. ठिणगी निघत होती पण पोचत नव्हती. आणि निघालेली गोष्ट पोचत नसेल तर ती वाटेत कुठंतरी उतरत असणार, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पावसाळ्यात एक्सचेंजमध्ये हेच व्हायचं. वायरीचे जोड ओले व्हायचे आणि वेळापूरचं बोलणं अक्कलकोटच्या लाइनीत गळायचं. कुणाचं तरी रडणं, कुणाच्या तरी बाळंतपणाची बातमी, शेळ्यांच्या बाजाराचा भाव, सगळं भलत्याच कानात. लाइन लीक होतीय, असं ते म्हणायचे. तिनं टोपणाकडं डोळे बारीक करून पाहिलं. भर उजेडात काही दिसेना. दिसत होतं ते नेहमीचं, धूळ, तेलाचा ओशट थर, आणि त्यावर दसऱ्याचं वाळलेलं हळदीकुंकू, जे सोलापुरात मागावर असतं, तराजूवर असतं, गॅसच्या शेगडीवर असतं आणि म्हणून कुणालाच दिसत नाही.

अंधार पाहिजे, तिच्या मनात आलं. ती आत गेली आणि कपाटातली जाड चादर घेऊन आली, काळ्या-लाल चौकटींची, आपल्या इथलीच. ती तिनं उघड्या बॉनेटवरून सोडली, समोरचा पंखा आपल्यापासून लांब राहील असं बघून बाजूच्या कडा मडगार्डवरून खाली ओढल्या, गाडी पुन्हा चालू केली, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचला आणि एका बाजूनं डोकं आत घातलं.

आधी नुसताच अंधार होता, गरम, पेट्रोलच्या वासाचा. आवाज इतका जवळ की तो कानाला न ऐकू येता हाडांना ऐकू येत होता. मग डोळे सरावले आणि तिला तो उजेड दिसला. निळा. टोपणावरच्या, वायर खोचायच्या एका शिंगापासून निघून खालच्या लोखंडी क्लिपेपर्यंत एक बारीक निळी रेघ पळत होती, विझत होती, पुन्हा पळत होती, इतक्या झपाट्यानं की ती एकच थरथरती वाट वाटावी. हे इथं होतं? बाजाराला जाताना, युवराजला शाळेत सोडताना, पंचवीसेक वर्षं आपण ह्याच्या मागं बसून वांग्याच्या भावाबद्दल बोलत होतो, आणि इथं पत्र्याच्या पलीकडं सतत वीज पडत होती, मोजून मापून, एकामागून एक, न चुकता? तिला हात जोडावेसे वाटले आणि हातात रबराचे मोजे आहेत ह्याची लाजही वाटली. आयुष्यात तिनं पुष्कळ देवळं पाहिली होती, पुष्कळ गाभाऱ्यांत वाकून डोकावली होती, पण आत खरोखर काहीतरी चालू आहे, जिवंत आहे आणि आपल्याकडं त्याचं लक्षही नाही, असं तिला कुठल्याच गाभाऱ्यात वाटलं नव्हतं. मग हळूहळू तिला दिसलं की ती निळी वाट सरळ नाही. ती वर जाड आहे, खाली निमुळती होत गेलीय आणि शेवटी थोडी डावीकडं वळलीय. त्या वळणाला ती ओळखत होती. बोट ओढताना शेवटी तिचा हात नेहमी डावीकडं वळायचा. घरातल्या चौकटीवर, तुळशीवर, पाट्यावर, सगळीकडं तिची बोटं अशीच वळलेली होती. वीज तिच्या बोटानं उतरत होती. दसऱ्याला रागानं ओढलेल्या त्या दाट बोटावरून ठिणगी जळत जळत लोखंडात जात होती, आणि प्लग उपाशी राहत होता.

म्हणजे माझाच हात. हे तिला कळलं तेव्हा तिला वाटलं होतं तितकं वाईट वाटलं नाही, ह्याचंच तिला नवल वाटलं. डोळ्यांपुढं ती रेघ इतकी सुंदर पळत होती की वाईट वाटायला सवडच नव्हती. आपण चुकीचं केलं आणि त्या चुकीतून एवढा उजेड पडतोय, एवढंच तिच्या मनात होतं. मग मात्र एक प्रश्न उठला आणि तो काही केल्या बसेना. ती तर दर दसऱ्याला लावत आली होती. मग इतकी वर्षं गाडी कशी चालली?

"वैजे, काय करायलीस गं चादरीत?" आक्का पोर्चच्या पायरीवर उभ्या होत्या. तिनं डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, नाकाला काळं लागलेलं. "आक्का, इकडं या. वाकून बघा. फक्त हात कुठं लावू नका." आक्का यायला तयार नव्हत्या, मग आल्या. वैजयंतीनं चादरीची कड उचलून धरली आणि त्या म्हाताऱ्या बाईनं पदर सावरत डोकं आत घातलं. नुसती त्यांची पाठ दिसत होती, लुगड्याखाली वर-खाली होणारी. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "त्ये तुजं बोट हाय," त्या म्हणाल्या. वैजयंतीनं गाडी बंद केली. एकदम इतकं शांत झालं की शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीही मोठी वाटली.

"माझंच बोट आहे. तुम्ही म्हणाला होतात," वैजयंती म्हणाली. "आता बोला काय बोलायचं ते. विधवेचा हात लागला म्हणून झालं म्हणा."

आक्कांनी तिच्याकडं असं बघितलं की ती मध्येच थांबली. "मी तुला इधवा म्हून बोलले व्हय? मी कोन गं म्हननार, मी काय सवाष्ण हाय?" त्या पायरीवर बसल्या. गुडघ्यावर हात ठेवून, जमिनीकडं बघत बोलू लागल्या. "दर दसऱ्याला तू पूजा करून आत गेलीस की त्यो फडकं घिऊन यायचा. पेट्रोल लावून समदं पुसून काडायचा. हितलं," त्यांनी डेल्कोकडं बोट केलं, "चांगलं चकचकीत करायचा. बाकीचं ऱ्हाऊ द्यायचा, हितलंच पुसायचा. मी बगितलं तर म्हनला, आक्का, तिला सांगू नगंस, तिला वाईट वाटंल. मी कशाला सांगू? पन माजं काळीज लटलट करायचं. बाईचं कुक्कू, आन् नवरा सोताच्या हातानं पुसतोय, वर्साच्या वर्साला. असं करत्यात व्हय कुनी? मला त्याला पुसायचं हुतं, का पुसतूस म्हून. जिभंवर यायचं आन् ऱ्हायचं. आन् मग आशाडात त्यो गेला." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलं, त्येच नडलं. यंदा तू लावलंस तर पुसनारा बी न्हाय. म्हून म्हनलं, नगं लावूस."

वैजयंती गाडीला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढं सगळे दसरे एकदम आले. ती आत पुरणाच्या मागं, श्रीखंडाच्या मागं. बाहेर तो, बॉनेटखाली वाकलेला. अहो, सोनं वाटायला निघायचं ना, असं तिनं ओरडायचं, आणि आलो की, असं त्यानं म्हणायचं. हाताला पेट्रोलचा वास यायचा म्हणून ती कुरकुरायची. नको तिथं लावू नकोस, एवढं एक वाक्य बोलला असता तर काम झालं असतं. पण तो ते बोलला नाही. लाव की कुटं लावायचं तितं, असं तो दर वर्षी म्हणाला, मनापासून म्हणाला, आणि दर वर्षी तिच्या पाठीमागं तेवढं एक बोट पुसत राहिला, तिची पूजाही राहावी आणि गाडीही चालावी म्हणून. आपण किती सांभाळले जात होतो हे आपल्याला कळलंच नाही, ह्याचा राग यावा की रडू यावं हे तिला समजेना. दोन्ही आलं नाही. चादरीखाली आलं होतं तसंच काहीसं आलं, छाती भरून, शब्दाशिवाय. माणसाच्या आत काय काय चालू असतं, आणि आपण पत्र्याच्या अलीकडं बसून वांग्याचा भाव बोलत असतो.

तिनं टोपणाच्या क्लिपा सोडवल्या. फडकं पेट्रोलमध्ये भिजवलं, टोपणावर आणलं आणि तिचा हात तिथंच थांबला. आषाढात, बायका जमल्या होत्या तेव्हा, एका चुलत जावेनं तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलं होतं. तेव्हा ती लाकडासारखी उभी होती; कुणी पुसतंय, कुणी बांगड्या काढतंय, तिला काहीच पोचलं नव्हतं. आता पोचलं. हे तिला स्वतःच्या हातानं करायचं होतं, आणि करवत नव्हतं.

"आन हिकडं," आक्का म्हणाल्या. त्या केव्हा उठून शेजारी आल्या ते तिला कळलं नाही. त्यांनी फडकं घेतलं आणि पुसू लागल्या, ताट पुसावं तसं, नीट, कडेकडेनं. कुंकू सुटलं, त्याखाली जळालेली एक काळी बारीक रेघ होती, ती वैजयंतीनं ब्लेडनं हळूहळू खरवडून काढली. टोपण वाळवलं, बसवलं, वायरी जिथल्या तिथं लावल्या. ती स्टेअरिंगमागं जाऊन बसली. किल्ली फिरवली.

गाडी लागली, आणि नीट लागली. टक टक टक टक, कुठंही न गाळता. आक्का मडगार्डवर तळवा ठेवून उभ्या राहिल्या आणि तो आवाज त्यांच्या बांगड्या नसलेल्या मनगटापर्यंत थरथरत गेलेला वैजयंतीला आतून दिसला.

तेवढ्यात फोन वाजला. युवराज. "आई, आवाज कसला येतोय? चालू झाली? अगं, काय झालं होतं तिला?"

"काही विशेष नाही रे. तुझे बाबा दर वर्षी एक काम करायचे. ते यंदा राहून गेलं होतं."

"कुठलं काम?"

वैजयंतीनं काचेतून पाहिलं. आक्कांची बोटं कुंकवानं लाल झाली होती. पेट्रोलमध्ये विरघळून ते पार नखांत उतरलं होतं, आणि आक्का ती बोटं पदराला न लावता, फडक्याला न लावता, उन्हात अलगद तशीच धरून बघत होत्या.

"पुसायचं," ती म्हणाली.